खालची ओळ

फ्रेंच विनोदी सिनेमा, एकशे चार मिनिटं.
खाली मराठी ओळी हव्यात, फिल्म सोसायटीवाले म्हणाले,
शनिवारपर्यंत. गायधनी मॅडम, तुमच्याशिवाय कोण?
मानधन नाही. चहा आणि नानकटाई.

गोष्ट साधी. पॅरिसात एक माणूस,
वाइन चाखून तिचं गाव सांगणारा.
घोट जिभेवर फिरवतो आणि म्हणतो, डोंगराचा दक्षिण उतार,
बांधावर अक्रोडाचं झाड.
स्वतःचं गाव मात्र सांगत नाही.
अनाथ आहे म्हणतो. सोपं पडतं.
मग एका झुंबरांच्या पार्टीत
उत्तरेकडून त्याची आई येते,
पिशवीत बीट, बुटांना चिखल,
आणि तोंड उघडते.

इथं मी अडले.
'स'चा ती 'श' करते, शब्दांची शेपटं गिळते,
पार्टीतली माणसं ग्लास सांभाळत हसतात.
आधी मी तिला प्रमाण मराठीत घातलं:
"बाळा, मला ओळखलं नाहीस?"
ती थेट सदाशिव पेठेत जाऊन बसली.
मग "वळीखलं न्हाई व्हय रं?"
तेही खोटं. ती बोली कुठल्याच गावची नाही,
मालिकेतले नोकर बोलतात फक्त.

रात्रीचा दीड. कॉलेज रोडवरचं शेवटचं ज्यूस सेंटरही बंद.
कर्सर तिच्या हनुवटीखाली लुकलुकतोय
आणि माझ्या बोटांनी, मला न विचारता, टाइप केलं:
"आंडोर, माले वळखं नही का?
मी तुनी माय शे."

खुर्ची इतक्या जोरात मागे सरकली
की आतून नवऱ्यानं विचारलं, उंदीर?

सतरा वर्षं मी नाशिकचीच आहे.
मूळच्या कुठल्या? नाशिकच.
नामपूर, मोसमचा काठ, कापडणीसांची मुलगी
हे लग्नपत्रिकेत एकदा छापलं होतं, त्या पत्रिका संपल्या.
सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात
माझ्या तोंडातला 'शे' काढून 'आहे' बसवला.
दुखलं नाही, तेच आठवतं.

आणि ती दुपार. माय संस्थेत आली होती,
सटाण्याच्या गाडीनं, बिबड्यांचा डबा फडक्यात बांधून.
प्राचार्यांनी विचारलं, या कोण?
मी म्हणाले, गावाकडच्या ओळखीच्या.
मायनं लगेच मान डोलावली.
"हाव, वळखनी शे."
डबा टेबलावर ठेवला,
झाकण दोनदा दाबून पाहिलं.

सकाळी फोन लावला. सिनेमातल्या आईचं पुढचं वाक्य राहिलं होतं.
माय, पोरगा फार दिवसांनी भेटला, सुकलेला दिसला,
तर काय म्हणशील?
"कोना पोऱ्या?"
सिनेमातला.
ती गप्प. मागे कुकरची शिट्टी.
"कितला वाळी गया रे, म्हनसू."
मी लिहून घेत होते, तेवढ्यात
"तू जेवनी का?"
मी 'हो, जेवले' म्हणणार होते.
तोंडाशी आलेलं परत फिरलं
आणि दुसरंच काहीतरी बाहेर पडलं. पलीकडे कुकर
आणखी दोनदा वाजला, कुणी बंद केला नाही.

शनिवारी साठ खुर्च्या, एकवीस माणसं.
आईचं वाक्य पडद्यावर आलं तशी सगळी
ओळ वाचून थबकली, शेजाऱ्याकडे बघू लागली.
एकटा साउंडवाला निंबा पगार हसला,
देवळ्याचा, पोट धरून,
आणि दुसऱ्या ओळीला अचानक हसायचा थांबला.

चहाच्या वेळी अध्यक्ष म्हणाले, प्रयोग म्हणून छान.
पण मॅडम, ही भाषा मिळवलीत कुठून?
माझ्या तोंडात नानकटाई होती.
ती विरघळेपर्यंत मी वेळ घेतला.
"घरनी शे," मी म्हणाले.

अर्ध्यांना कळलं नाही. कुणीतरी आणखी चहा आणला.
निंबा भिंतीपाशी वायर गुंडाळत होता,
त्यानं ती खाली ठेवली.
"कोनता गावनी, ताई?"