सहाशे सेकंद

ऑडिटवाला पणजीहून आला, चहाही न घेता म्हणाला,
उघडं टर्मिनल म्हणजे उघडं दार.
त्याच संध्याकाळी प्रोफाइलमध्ये मी एक ओळ घातली:
टीएमआउट बरोबर सहाशे,
आणि त्यावर कुलूप, कुणाला बदलता येऊ नये म्हणून.

वास्कोतल्या आमच्या ऑफिसात बार्जचा हिशेब चालतो.
कुठली भरली, कुठली सांवर्ड्याला अडली,
कुठली पाण्याची वाट बघत जुवारीत उभी.
भरतीला सहा तास लागतात.
शेलला दहा मिनिटं पुरतात.

पहिल्या दिवशी अकरा जण बाहेर.
बॉस्त्यांव कुलासो जेवायला घरी गेला,
हुमण-भात, मग जरा डोळा लागला,
चारला परतला तर पडद्यावर नुसतं लॉगिन.
"अगो, हांव अजून मरूंक ना," म्हणाला.
दुसऱ्या दिवसापासून टॉप चालू ठेवून जाऊ लागला:
तीन-तीन सेकंदांनी आकडे हलतात,
यंत्राला वाटतं माणूस जागा आहे.
मी पाहिलं. ऑडिटला कळवलं नाही.

वाईट वाटलं ते उसगांवकरांचं.
टगवाल्याचा फोन आला म्हणून
अर्धी कमांड तशीच सोडून उठले होते.
ओळ गेली. हिस्टरीत शोधली, नव्हती.
एंटर दाबत नाही तोवर
शेलच्या लेखी तुम्ही काही बोललेलाच नसता.
"काय होती?" मी विचारलं.
"आता कुठं आठवतंय," म्हणाले, आणि चष्मा पुसत राहिले.
बराच वेळ.

घरी, बायण्याला, बाबा खिडकीशी असतात.
तीस वर्षं टग चालवली.
झटक्यानंतर त्यांची वाक्यं मध्येच थांबतात.
डॉक्टरीण म्हणाली, तुम्ही पुरी करून देऊ नका.

काल साडेसहाला म्हणाले, "ती बार्ज..."

मी कालवण उतरवलं, गॅस बंद केला.
खालून पोदेराची सायकल भोंगा वाजवत गेली,
पाव घ्यायचे राहिले.
स्टूल ओढून बसले.
सात. सव्वासात.
पलीकडे धक्क्यावरचे दिवे लागले.
त्यांचा ओठ एकदा हलला, मिटला.
मोबाइल दोनदा थरथरला, उपडा ठेवला.

पावणेआठला म्हणाले,
"रिकामी होती."