पावणेतीन मिलिमीटर

बाजारात मिळतो तो रूळ परक्या मापाचा.
सत्त्याऐंशीने भागलं की आपली ब्रॉडगेज
सव्वाएकोणीस मिलिमीटर भरते.
खोक्यातला रूळ साडेसोळा.
पावणेतीन मिलिमीटरसाठी कोण भांडत बसतं?
मी.

चुनाभट्टीत, रात्री साडेदहानंतर,
जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून
तांबं चढवलेल्या पट्टीचे स्लीपर कापतो,
आगपेटीच्या काडीहून किंचित रुंद.
दोन सोडून तिसऱ्याला डाग देतो.
फ्लक्सचा धूर. आतून हेमांगी:
"खिडकी उघडा, नाहीतर खोकत बसाल."

खडीला रांगोळी चालत नाही, फार पांढरी.
समोरची इमारत पाडली तिथून मूठभर कच आणली,
चहाच्या गाळण्यातून चाळली
(गाळणं बाद झालं, नवं आणलं, बोललो नाही),
पाण्यात कालवलेला डिंक ड्रॉपरने सोडला,
त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब,
नाहीतर डिंक खडीवर गोळी होऊन बसतो.

दिवसा मी दात करतो.
दादरला, पोर्तुगीज चर्चच्या मागे,
कवळ्या, कॅप, ब्रिज.
इतक्या वर्षांत कळलं ते एवढंच
की नवा दात नवा दिसला तर खोटा.
म्हणून चिरेत चहाचा रंग भरायचा,
हिरडीशी थोडा पिवळा,
काठाला झीज.

इंजिनालाही तेच.
कठड्याला दात सरळ करायची तार,
रेडिएटरची जाळी फाटक्या नायलॉन मोज्याची,
धुराड्याभोवती समईची काजळी, कोरड्या ब्रशने,
आणि डिझेल टाकीच्या झाकणाखाली
एक ओघळ, चकचकीत,
कारण तेल कधी वाळत नाही.

गुंजाळ आले मोडकी कवळी रुमालात बांधून.
कुर्ला शेड, चौतीस वर्षं.
जोड पक्का होईपर्यंत बसा म्हटलं
आणि इंजिन त्यांच्यासमोर ठेवलं.
बोळक्या तोंडाने बराच वेळ नुसते बघत राहिले.
मग वाकले, डोळा टेबलाच्या पातळीला.
"छागल कुठाय? पाण्याची?
ह्या दाराबाहेर असायची, रोह्यापर्यंत गार.
आणि पायरी इतकी सरळ नसते हो.
बुटांनी मधे दबलेली असते."

मग बोट वर नेलं. "हे काय?"
पंख्याची जाळी, म्हटलं. त्याच्या पुढे धुराडं.
"असं असतं होय," म्हणाले.
"चौतीस वर्षं खाली बसलो. छत कधी निरखलं नाही."

मी छतच तेवढं बघितलेलं.
नऊ वर्षांचा, शेडलगतच्या पादचारी पुलावर,
वडील मागे, हातात रॉकेलचा डबा,
चला म्हणत, पण थांबलेले.
फटीतून खाली सरकणारी छतं मोजायचो.
बाकी सगळं, दार, पायरी, चाकं,
पुढे फोटोंवरून.

त्या रात्री पायरी चिमट्याने दाबली.
तुटली. दुसरी केली.
छागल केली लॅबच्या हातमोज्याच्या टोकाची,
तांदळाएवढी, वर मातकट रंग.
सांध्यावर पुढचं चाक अजून घसरतंच,
कानशीने घासतो, पुन्हा चालवतो, पुन्हा घसरतं.
सहा फुटांची फळी, दिवाणाखाली सरकणारी.
गाडी शेडमधून निघते
आणि कपाट यायच्या आत थांबते.

अकराला फोन.
"झोपला नाहीत ना? ती छागल.
माझ्या बाजूला नव्हती. असिस्टंटच्या.
शिवतरकर भरायचा, मी मागून घ्यायचो."
थोडं थांबून, "नव्वदमध्ये गेला तो."
मग म्हणाले, कवळी चांगली बसलीय,
भाकरी खाल्ली आज.

डिंक वाळला होता.
पात्याने हळूच सोडवली,
दुसऱ्या दाराला लावली.
आधीच्या जागी एक पुसट डाग राहिला.
त्यावर काजळी फिरवावी का,
अजून ठरलेलं नाही.