चावी देण्याआधी

बस, यशपाल, आधी स्टिअरिंगपाशी बस.
दार ओढून लावू नकोस, जरा उचलून लाव,
बिजागरी खचलीये. माझ्या गुडघ्यासारखी.

ही काच उतरत नाही.
हिची मोटर मिळते फलजच्या भंगारात, बारा रियालला,
पण दर वेळी तिच्याहून निकडीचं काहीतरी निघालं.
पेट्रोल पंपावर दार किलकिलं करायचं
आणि फटीतून पैसे द्यायचे.
तिथल्या पोराला माहीत आहे, तो हसत नाही.

हॉर्न वाजतो,
पण स्टिअरिंग डावीकडे वळलेलं असेल तरच.
कॅफेटेरियासमोर करक चहा मागवायचा
तर आधी अर्धं वळण घे, मग वाजव.
लोकांना वाटतं, बाई निघाल्या.

पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर.
तो आशावादी आहे, त्याचं ऐकू नकोस.
सव्वातीनशे किलोमीटर झाले की भर.
आकडा मी पावतीच्या पाठीवर लिहिते,
पेन त्या खणात आहे. ते राहू दे गाडीतच.

घड्याळाचं बटण मारिविकच्या वेळेपासून तुटलेलं –
मारिविक म्हणजे जिच्याकडून मी ही घेतली,
नर्स होती, सेबूची, आरसा पुसताना गुणगुणायची.
बॅटरी काढली की घड्याळ एकपासून सुरू होतं,
म्हणून नवी बॅटरी बरोब्बर दुपारी एकला जोडायची.
गेल्या खेपेला तोफज्जलला घाई होती.
साडेअकरालाच त्यानं वायर कसली,
तेव्हापासून गाडीत भारताची वेळ आहे.
मी तक्रार केली नाही.

तोफज्जलचा नंबर लिहून घे.
मुल्कियाच्या तपासणीआधी त्याच्याकडेच ने,
तो स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवतो,
मूठ कानाला लावतो, डोळे मिटतो,
आणि म्हणतो, ‘मॅडम, इंजिन जवान है,
बाकी सब बुड्ढा.’
पैसे मात्र बाकीच्याचेच घेतो.

आता नीट ऐक.
जुलैत, ट्रकांच्या रांगेत अडकलास
आणि तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला
तर एसी बंद कर
आणि हीटर लाव. पूर्ण.
हसू नकोस.
तिचा ताप असा आपल्या अंगावर घ्यावा लागतो,
मग ती निवते.
बाहेर शेहेचाळीस, आत किती ते विचारू नये,
आणि काच, मघाशी म्हटलं तसं, उतरत नाही.
मी एकदा बरकापर्यंत अशी गेले,
मांडीवर ओला टॉवेल,
शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवलेली
रक्ताच्या नमुन्यांची बर्फाची पेटी.
सबंध रस्ताभर मी त्या पेटीचा हेवा केला.

किती चालेल म्हणतोस?
तोफज्जल सांगतो, दो साल.
सात वर्षं झाली, तो दोनच सांगतोय.
इथे व्हिसासुद्धा दोनच वर्षांचा देतात, यशपाल.
मी एकोणीस राहिले.

चारशे ठरले होते ना?
काचेचे बारा वजा कर.
नाही, मोजत बसू नकोस, ठेव त्या ओट्यावर.

*

पाचला तो गेला.
गाडीतल्या घड्याळात साडेसहा.
मी फाटकाशी उभी, हातात
चावीपासून काढून घेतलेली नुसती रिंग.

राउंडअबाउटपाशी ब्रेकचे दिवे लागले,
उजवा जरा मंद. सांगायचा राहिला.
त्याचा हात काचेच्या बटणावर गेला असणार, सवयीनं.
गाडी क्षणभर घुटमळली.

मग दार किलकिलं झालं
आणि फटीतून एक हात बाहेर येऊन
हलला.