एकशे पंचेचाळीस

अल कूझमध्ये, टायरच्या दुकानाशेजारी,
जिथे कधीकाळी संगमरवराच्या लाद्या ठेवत,
त्या गोदामाचं शटर टेकराजनं अर्ध्यावर उचललं
आणि माझी एकवीस चित्रं
वाकून आत गेली.

कोपऱ्यांना नवऱ्याच्या जुन्या मोज्यांच्या टोप्या.
नायला हसली. मग म्हणाली,
मोजे टाकू नका, पुढच्या माणसाला देऊ.

बबलरॅप सोडताना घरची हवा बाहेर येते:
जवसाचं तेल, कापूर,
तळलेल्या बांगड्याचा पुसटसा वास.
नायलाला हे कळणार नाही. बरं आहे.

टेकराज टेप लावतो. जमिनीपासून
चित्राच्या मध्यापर्यंत एकशे पंचेचाळीस.
सगळीकडे हेच, तो सांगतो. माणसाची नजर.
कुठल्या माणसाची, मी विचारते.
तो माझ्याकडे पाहतो, टेपकडे पाहतो,
काही बोलत नाही.
माझी नजर एकशे चाळीसला संपते.
स्वतःच्याच चित्रांकडे मी
हनुवटी जराशी उचलून पाहणार आहे.

मग तो ड्रिल टेकवतो
आणि माझा हात आपोआप पुढे होतो: थांब.

सव्वीस वर्षं, चार घरं, चारही करारांत एकच कलम:
भिंतीला भोक पाडल्यास अनामत रकमेतून कापले जाईल.
कॅलेंडर फ्रिजवर, चुंबकानं. देव कपाटात.
सासऱ्यांचा फोटो टीव्हीला टेकून,
स्वतःच बातम्या देत असल्यासारखा.
आणि चित्रं सोफ्यामागे, तोंड भिंतीकडे.

चित्रं तरी कसली?
सोडून गेलेल्यांच्या खोल्या. रंगारी यायच्या आधी
दार उघडं असायचं, मी आत जाऊन उभी राहायचे.
डिसूझांचा हॉल, कपाट होतं तेवढीच भिंत उजळ.
रेहानाच्या मुलाची उंची, चौकटीवर पेन्सिलीनं,
२००९ पर्यंत.
तीनशे चार नंबर, ज्यांचं नाव कधी कळलंच नाही,
एसीचं पाणी झेलणारी त्यांची निळी बादली
तशीच झेलत राहिलेली.

"डरो मत दीदी," टेकराज म्हणतो,
"दीवार को आदत है."
तीन आठवड्यांनी पुट्टी, वर एक हात पांढरा.
बागलुंगहून आल्यापासून त्यानं हीच भिंत
छप्पन्न वेळा पांढरी केलीय.
खोली एवढी लहान झाली असेल, तो म्हणतो,
बोटाचं पेर दाखवत.

ड्रिलखाली त्यानं पाकीट चिकटवलंय,
भुगा त्यात पडतो, तांदळाच्या पिठीसारखा.
मी बोट बुडवून बघते. गरम.

संध्याकाळी काचेच्या दारावर नाव आलं.
अरबीत प नाही, ळ नाही,
तेव्हा उजवीकडून डावीकडे
मी झालेय बद्मजा बरुलेकर.
चार वेळा मोठ्यानं म्हणून बघते.
वाईट नाही. अंगानं भरलेली,
उधारी लगेच फेडणारी बाई वाटते.

साडेअकरा. तो शिडीवर, मी खाली:
थोडं डावीकडे. नाही, परत पहिल्यासारखं.
निळ्या बादलीवर उजेड पडतो
आणि इतक्या वर्षांनी मला दिसतं
की तिचा कान मी चुकीच्या बाजूला काढलाय.
कुणाला सांगत नाही.

वीस लागली. एकविसाव्याला जागा नाही,
भिंतीलाही श्वास हवा, नायला म्हणते आणि गाडी काढते.
राहिलंय ते डिसूझांचं.
मी ते उचलते, ऑफिसातल्या सोफ्यामागे ठेवते,
सवयीनं, तोंड भिंतीकडे.
दिवे मालवायला जाते. परत येते.
तोंड खोलीकडे फिरवते.

टेकराज खिशातून लेव्हल काढून
सोफ्याच्या पाठीवर ठेवतो.
बुडबुडा एका कडेला पळतो.
"सोफा टेढ़ा है, दीदी."
आम्ही दोघं जरा वेळ त्याच्याकडे बघतो,
मग तो लेव्हल पुसून
परत खिशात घालतो.