चार मिनिटं काळी

दूध नव्हतंच ते. पांढरा गोंद.
ग्लासावरचे थेंब ग्लिसरिनचे,
बर्फ प्लास्टिकचा, धुऊन परत वापरायचा.
शारजा, इंडस्ट्रियल एरिया तेरा, बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री.
मी शिडीवर, दोन किलोवॅटचा दिवा सावरत,
आणि खाली रोहायूबाई ग्लासाला सांगतायत,
"जरा डावीकडे बघ, पोरी."

कुपवाड एमआयडीसीतला वायरमन मी, सर्जेराव.
त्यांच्या जिभेवर बसेना, तेव्हा सर्जी झालो.
वान रोहायू बिंती वान सालेह,
हे मलाही एका दमात यायचं नाही.
फिटंफाट.

गोष्ट त्यांनी सलग कधी सांगितली नाही.
दिवा थंड व्हायला जेवढा वेळ लागतो
तेवढी तेवढीच.

तुंपात म्हणून गाव, केलांतानात, थायलंडच्या कडेला.
बाप व्हॅनमधून सिनेमा फिरवायचा,
दोन नारळांमध्ये चादर ताणून.
ऐन मारामारीत मशीन थांबवायचा
आणि जंतांचं औषध काढायचा.
बाटल्या खपल्याशिवाय व्हिलन मरत नसे.
पैसे मोजायला सात वर्षांची पोर,
दातात टॉर्च धरून.

मग क्वालालंपूर. नऊ वर्षं
दुसऱ्यांचे सिनेमे कापले, जोडले,
झोप टेबलाखाली, रिळांच्या डब्यांना पाय लावून.
पहिला स्वतःचा, बत्तिसाव्या वर्षी.
त्यात एक म्हातारी
घरात कुणी नाही बघून स्वयंपाकघरात नाचते.
माक योंग. त्यात बाईच राजा होते.
गावात त्या नाचाला मनाई.
बोर्ड म्हणालं, चार मिनिटं कापा.

कापली.
पण दोन टोकं सांधली नाहीत.
मध्ये काळी फिल्म घातली, मोजून चार मिनिटं.
थेटरवाल्यांना वाटलं मशीन गेलं,
लोकांनी खुर्च्या आपटल्या,
तिसऱ्या दिवशी पोस्टर उतरलं.

दुसरा निर्मात्यानं भाच्याच्या नावावर लावला.
तिसरा बिस्किटाच्या डब्यात आहे, वहीत.
आणि चौथा?
"हा काय," ग्लासाकडे बोट. "ताजं लबान, दीड दिरहम."
मग जेवणाला बुडूची बाटली उघडली,
माशाचं आंबवण, वास असा
की कोल्लमचा जोसुट्टीसुद्धा उन्हात जाऊन उभा.

मी एकदाच म्हटलं होतं, तो काळा बघायला मिळेल का.
तीन आठवड्यांनी, सुट्टीच्या आदल्या रात्री,
बाई सजाच्या कॅम्पात टॅक्सीतून उतरल्या,
काखेत स्टुडिओचा प्रोजेक्टर, न विचारता आणलेला.
चादर वॉचमन टेकबहादुरची, मोराची छापील,
त्यामुळे म्हातारीच्या कपाळावर शेवटपर्यंत मोर.
साठ-सत्तर माणूस वाळूत. पठाण, नेपाळी, करीमनगरचे.
मलय कुणाला येत नाही.
तरी सासू बोलली की बरोबर जागी हसले.

मग पडदा काळा.
करीमनगरच्या पोरानं शिट्टी घातली.
मी सवयीनं वायरीकडे धावलो.
"राहू दे, सर्जी."

प्रोजेक्टरचा काळा पुरता काळा नसतो,
लाईटवाल्याला विचारा.
राखेसारखं काहीतरी सांडत असतं त्यातून.
त्या राखेत बाई वाळूवर बसल्या,
पाण्याच्या निळ्या पिंपाकडे तोंड करून,
जिथं वाजवणारा बसतो म्हणे.
बोटं मागं वळली, इतकी
की ती आता मोडणार असं वाटलं.
वाजत होते फक्त चाळीस खोल्यांचे एसी.
उठताना गुडघा कटकन बोलला, सगळ्यांनी ऐकला,
आणि त्रेपन्न वर्षांची ती बाई
राजासारखी चालत पिंपापर्यंत गेली, परत आली.

चित्र परतलं तेव्हा त्या मध्येच होत्या.
तांदूळ धुणारे हात क्षणभर त्यांच्या पाठीवर.

संपल्यावर एका पठाणानं पुढं येऊन
दहाची नोट त्यांच्या पायाशी वाळूवर ठेवली.
माझे कान तापले.
आमच्याकडं बाईपुढं पैसा पडतो
तो कसा पडतो मला माहीत आहे.
पण मागं दुसरा आला, मग रांगच. शिट्टीवालाही.
बाईंनी मोबाईलचा टॉर्च दातात धरला,
नोटा दोनदा मोजल्या.

"तीनशे दहा," म्हणाल्या,
"आणि एक बाटली खपवली नाही."