पंचवीस अक्षरांची किल्ली

कुताइसीच्या बाजारामागे माझं दुकान,
दीड माणूस मावेल एवढं.
शेजारचा शोता किल्ल्या घासतो. म्हणतो,
झ्वियाद, आपला धंदा एकच,
बंद पडलेलं उघडायचं.

बाईंनी लॅपटॉप आणला उशीच्या अभ्र्यात गुंडाळून.
बाई म्हणजे म्झेविनार बाई, आमच्या भौतिकशास्त्राच्या;
मला दोनदा नापास केलं,
दोन्ही वेळा बरोबर केलं.
"सुरू होतो, निळा होतो, मरतो," म्हणाल्या.
याहून चांगलं निदान मलाही जमलं नसतं.

आधी जे वाचेल ते पेनड्राइव्हवर काढून घेतलं.
नवीन फोल्डर, नवीन फोल्डर दोन,
नवीन फोल्डर एकेचाळीस.
ओतारकाकांनी आयुष्यात एकाही फोल्डरचं बारसं केलं नाही.
पुलाखालच्या मोजपट्टीवर ते रोज सकाळी नदी वाचायचे,
नोकरी होती तोवर, आणि नंतरही,
कुणी सांगितलं नसताना.

'सगळं पुसायचं का?' यंत्रानं विचारलं.
मी बाईंकडे पाहिलं.
"पूस. फळा पुसल्याशिवाय
पुढचं गणित कुठे मांडणार?"
तरी हात मात्र अभ्र्याच्या नाडीशी चाळा करत होता.

सिस्टिम बसायला तासभर लागला.
तेवढ्यात दोनदा वीज गेली, चहा एकदाच झाला.
मग किल्ली.
लॅपटॉप उलटा केला. पोटावरचं लेबल
पंधरा वर्षं मांडीवर घासून घासून पुसट;
त्या माणसाच्या लोकरी विजारीनं
दोन अक्षरं पार खाऊन टाकलेली.
टॉर्च तिरपा धरला, पेन्सिलीची भुकटी फासली,
हा बी की आठ?
बाई चष्मा काढून लेबलाला नाक लावून:
"आठ. बी असता तर पाठ ताठ दिसली असती."
आठच होता.

तरी सर्व्हर ऐकेना. मग लक्षात आलं,
आतला बटणाएवढा सेल मेलाय,
घड्याळ मागे गेलंय थेट जन्मतारखेपर्यंत:
एक जानेवारी दोन हजार नऊ.
तारीख खोटी असली की किल्ली खरी असून भागत नाही.
दुरुस्त करणार, तोच बाई म्हणाल्या, थांब जरा.

थांबलो.
कोपऱ्यात ते साल लुकलुकत होतं.
शोताचं यंत्र किरकिरत होतं पलीकडे.
मी उगाचच एक स्क्रू पुसत बसलो.
मग त्यांनीच आजची तारीख टाकली,
एका बोटानं, एकेक आकडा,
माझ्या उत्तरपत्रिकेवर गुण टाकायच्या तशी.

तरी शेवटी फोन करावाच लागला.
पलीकडे रशियन बोलणारी यंत्रबाई:
सहा-सहा आकड्यांचे नऊ गट सांगा.
बाई वाचत गेल्या खणखणीत, वर्गात वाचायच्या तशा;
मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं असतं.
मग ती म्हणाली, ही प्रत
किती संगणकांवर बसवली आहे?

"एर्ती," बाई म्हणाल्या, आमच्या भाषेत. एक.
तिला कळलं नाही. तिनं पुन्हा विचारलं.
"एर्ती. एकच होता."
मी हळूच हात पुढे करून
एकचं बटण दाबलं.

चालू झाला. कुठल्यातरी परक्या देशाची हिरवी टेकडी पडद्यावर.
वापरणाऱ्याचं नाव काय देऊ?
"माझं दे. अभ्यास आता मलाच करायचाय."
पैसे मोजले, मी नको म्हटलं, त्यांनी डोळे वटारले,
घेतले.
मेलेला सेलही मागून घेतला, पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला.

उठता उठता म्हणाल्या,
"ते मघाचं साल. त्या दिवशी नदी किती होती, बघ."
सतरावा फोल्डर. वहीतून उतरवलेली ओळ:

१ जानेवारी. पाणी एक मीटर बारा. गढूळ.
पुलावर कोणी नाही.
म्झेविनार झोपली आहे, उठवलं नाही.