हशाचे दोन हप्ते

पोर्तोच्या या जुन्या थिएटरात
मंगळवारी तिकीट अर्ध्या दरात.
पडद्यावरची माणसं इंग्रजीत बोलतात,
त्यांच्या पायाशी पोर्तुगीजमध्ये
कुजबुजते ती मी.
एका ओळीत बेचाळीस अक्षरं. त्यापुढे नाही.

आजचा सिनेमा
आमच्या नदीकाठी राहायला आलेल्या
सहा अमेरिकनांचा.
त्यांना इथला पाव आवडतो, ऊन आवडतं,
घरभाडं तर इतकं आवडतं
की घरमालकीण त्यांच्या गळ्यात पडून रडते.
खोटं कशाला बोलू, विनोद चांगले आहेत.
एकजण कॉफी मागायला जातो
आणि व्याकरणाच्या कृपेने
लग्नाची मागणी घालून येतो.
एकजण सहा वर्षं "तात्पुरती" आलेली आहे.
त्या एका शब्दावर माझ्या तीन रात्री गेल्या.

हसू इथे दोन हप्त्यांत येतं.
वाचणारे आधी हसतात,
बोलणाऱ्याने तोंड उघडायच्या आत.
ऐकणारे मागून.
मधल्या दीड सेकंदात
अर्धं थिएटर उरलेल्या अर्ध्याकडे
वळून बघतं.

बाहेर, पायऱ्यांवर,
डुलुथच्या लोरेनबाई, निवृत्त शिक्षिका, म्हणाल्या,
"आम्ही असा नाही."
पोर्तुगीजमध्येच म्हणाल्या, लिंग चुकवून.
कोणी हसलं नाही.
सिनेमा संपला होता.

त्यांचे वेंडेल मात्र चष्मा पुसत होते अजून.
"तो टकल्या म्हणजे मीच! हुबेहूब!"
मग चष्मा डोळ्यांवर चढवून,
जरा वेळाने,
"पण हे लोक घरी फोन का करत नाहीत?"

मासेवाला अबीलियो खूश आहे.
एक्केचाळिसाव्या मिनिटाला
सार्डिन मोजणारा हात त्याचा.
दोन दिवस उभं केलं होतं,
माशांना वास सुटला, दिसला फक्त हात.
"पण काय हात दिसलाय!" तो म्हणतो,
आणि तोच हात हलवून बहिणीला दाखवतो.
बहीण म्हणते, "गल्ली आली रे आपली.
आपण कुठे आहोत?"

जसिंता सगळ्यांत शेवटी उतरली.
गेल्या वर्षी तिचं घर सुटलं.
आता गोंदोमारच्या पुढे, बसने पंचावन्न मिनिटं.
मी विचारायच्या आधीच म्हणाली,
"मला आवडला. गॅलरी छान दिसली.
तिसऱ्या मजल्यावरची.
ती निळी कुंडी माझीच. राहून गेली होती."

मग म्हणाली, "एक सांग.
त्या गॅलरीत तो दाढीवाला काहीतरी बोलला,
तेव्हा फक्त तेच हसले.
आम्हाला तू लिहिलं होतंस, आज हवा छान आहे.
त्यात हसण्यासारखं काय?"

तो म्हणाला होता,
"इथले लोक इतके अस्सल आहेत
की एकही शिल्लक नाही."
विनोद चांगला होता.
बेचाळिसात बसलाही असता.
मी मोजून पाहिला होता.

"काही नाही," मी म्हटलं,
"अमेरिकनांना हवेचंही हसू येतं."

जसिंताने पर्समधून बसचा पास काढला.
"पण खरंय ते," म्हणाली,
"त्या गॅलरीत हवा छानच असते.
सकाळी अकरापर्यंत तर फारच."